बाहेरची आजी

चीनमध्ये एखाद्या कुटुंबात राहून शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींची पहिल्याच दिवशी गंमत होते. घरच्या बाईंना हाक काय मारायची, असं विचारलं की उत्तर येतं, ‘आयी’. ऐकायला थेट आपली आई, अर्थ मात्र मावशी. ‘यी’ म्हणजे आईची बहीण, आधीचा ‘आ’ नुसता जवळिकीचा. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्यांना यात वावगं काहीच नाही.

घरच्या गृहस्थांना म्हणायचं ‘शूशू’, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आता काटेकोरपणे नातं लावायला बसलं तर घोटाळा होतो. आईच्या बहिणीने वडिलांच्या भावाशी संसार थाटलाय! सख्ख्या नात्यात शूशूची बायको ‘शन्‌शन’ आणि आयीचा नवरा ‘यीफू’. मानलेल्या नात्यात मात्र जोडी शूशू-आयी अशीच चालते. आपल्याकडे एखाद्याला काका म्हटलं की त्याची बायको आपोआप काकू होते, तशी सोय तिथे नाही. शिवाय धुणंभांडी, स्वयंपाक करायला येणारी बाईही आयीच. शाळेतल्या आणि दवाखान्यातल्या आपल्या मावशी आठवाव्यात. दोन्ही भाषांनी मावशीच अशी सढळ हाताने का वाटली? माझा अंदाज असा की आत्याचा मान राखावा लागतो, काकू घरातलीच असते. माया आहे पण मानपान नाही अशी उरते ती मावशी.

पण खरा मजेदार शब्द आहे ‘वाय’. वाय म्हणजे बाहेर. परदेशी माणूस तो ‘वायगुओरन’, बाहेरच्या देशाचा माणूस. बोलण्यात त्याचं होतं ‘लाओवाय’. रस्त्यात एखादं पोर बोट दाखवून हा शब्द ओरडतं तेव्हा तो टोचतो. टोचून घेण्याआधी दक्षिणेकडच्या घरांत आजीला काय म्हणतात ते ऐकावं. वडिलांची आई ‘नायनाय’ आणि आईची आई ‘वायपो’, म्हणजे बाहेरची आजी! मुलीचा मुलगा तो ‘वायसुन’, बाहेरचा नातू. ‘अर्‌या’ हा चीनमधला दोन हजार वर्षांहून जुना शब्दकोश. त्यात नात्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि आईच्या आईवडिलांना तिथेही हे ‘वाय’ चिकटलेलं आहे. वंश बापाकडून मोजायचा, लेक दिल्या घरची, म्हणून तिच्याकडचं सगळं बाहेरचं. आपणही यातून अगदी सुटलेलो नाही. मराठीत दोन्हीकडची आजी ती आजीच, पण आजोळ फक्त आईकडचं. आपण माणसांत भेद केला नाही, घरांत केला.

उत्तरेत, बीजिंगकडे, वायपोला ‘लाओलाओ’ म्हणतात. त्या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’ असते आणि उजवीकडे ‘लाओ’, म्हणजे वयस्क. लाओवायमधला लाओ तो हाच. ‘बाहेर’ मात्र त्यात कुठेच नाही. या दोन आज्यांवरून २०१८ च्या जूनमध्ये शांघायमध्ये गदारोळ उठला. दुसरीच्या भाषेच्या पुस्तकात एका धड्यात लेखकाने लिहिलेलं ‘वायपो’ काढून सगळीकडे ‘लाओलाओ’ छापलं होतं. प्रमाण शब्दकोशात लाओलाओ हा प्रमाण आणि वायपो हा बोलीतला शब्द धरला आहे, हा त्याला आधार. लोक उखडले. उत्तरेची आजी प्रमाण आणि आमची तेवढी बोलीतली? शेवटी शिक्षण खात्याने जुना शब्द परत घालायला लावला. प्रमाणभाषेच्या वादांत मुरलेल्या मराठी वाचकाला यातली चीड समजावून सांगायला नको. नवल एवढंच की लोक भांडले ते ‘बाहेरची’ हा शिक्का परत मिळवायला. वापरून वापरून त्या शिक्क्याचं टोकच झिजलेलं. हांगचौमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या एका उपाहारगृहाचं, पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या, नावच मुळी ‘वायपोज्या’ आहे. वायपोचं घर, म्हणजे आजोळ.

याच ‘वाय’पासून झालेला आणखी एक शब्द पाहुण्या विद्यार्थ्याला जेवणाच्या टेबलावर भेटतो. आयी आपल्या चॉपस्टिक्सनी वांग्याची मऊ फोड उचलून त्याच्या भाताच्या वाडग्यात ठेवते. तो म्हणतो, ‘श्येश्ये’, म्हणजे धन्यवाद. भात संपायच्या आत दुसरी फोड, पुन्हा श्येश्ये. मग माशाचा काटे काढलेला तुकडा येतो आणि तिसऱ्या श्येश्येला आयी जरा वैतागून म्हणते, ‘बिए ज्येनवाय’. शब्दशः, बाहेरचं समजू नकोस. आपण म्हणू, परकेपणा कसला करतोस! शिष्टाचाराला चिनीत ‘खछी’ म्हणतात. त्यातला ‘ख’ म्हणजे पाहुणा. आभारांवर ‘बू खछी’ म्हणतात तेही मूळचं तेच: पाहुण्यासारखं वागू नकोस.

मराठी मुलांना खरं तर हे जड जाऊ नये. ताटात भाजी वाढणाऱ्या आईला धन्यवाद म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. जड जातं ते शिशुवर्गापासून घोटून घेतलेल्या थँक्यूमुळे.