यात्रेतील हजेरी



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांचे नाते शहरांत जुळले. परंतु चैत्र-वैशाखात मोकळ्या जागी जमून काही ऐकावे, ही रीत रानड्यांच्याही आधी खेड्यात होतीच. तिला आम्ही यात्रा म्हणतो. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला, कामगार संघटनेत केस पिकवलेला माणूस. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. म्हणून आज मला ठाऊक असलेल्या एकाच शब्दाचा इतिहास सांगणार आहे. तो शब्द म्हणजे हजेरी.

आमच्या मुळशी खोऱ्यात, आणि एकूणच पुणे जिल्ह्यात, यात्रेचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या दिवशी देवाला पोळीचा नैवेद्य, रात्री पालखी आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी उजेडी तमाशाची हजेरी, आणि त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा. फडातील सगळी मंडळी देवळापुढच्या पटांगणात उभी राहतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांजा यांवर गौळण होते, लावणी होते, लोक दौलतजादा करतात. मांडव असला तर असतो, नसला तर लिंबाची सावली. हजेरी उन्हे चढेपर्यंत चालते. रंगली तर जेवणवेळही टळून जाते.

माझ्या लहानपणी रात्रीचा तमाशा पुरुषांचा होता. बायका दिसत त्या या दिवसाच्या हजेरीला. आई देवळाच्या ओट्याच्या कडेला, पदर सावरून, धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसे. मी वडिलांच्या खांद्यावर, हातात गोडीशेवेचा पुडा. घरातील सर्व माणसे एका जागी बसून एकच गाणे ऐकत आहेत, असा दिवस वर्षातून हा एकच येई. याचे कारण असे की, वडील एरवी गावात नसतच. ते मुंबईला गिरणीत होते.

मुळशीची माणसे मुंबईला का गेली, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. जमीन थोडी, पीक एक भाताचे, हे एक कारण आहेच. दुसरे कारण धरणाचे. मुळा-निळेच्या संगमावर टाटांचे धरण होऊ लागले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावांना धरणाची झळ पोहोचली. शेते पाण्याखाली गेली, देवळे गेली, आणि ज्या पटांगणांत यात्रा भरत ती पटांगणेही गेली. ते पाणी सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला उतरले, तेथे त्याची वीज झाली, आणि ती वीज मुंबईला गेली. विजेच्या पाठोपाठ माणसेही गेली. मुळशीच्या पाण्यावर मुंबईचे यंत्र फिरे आणि ते चालवायला मुळशीचाच माणूस उभा राही.

मुंबईचे डबेवालेही बहुतेक याच भागातले: मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. त्यांची चोख सेवा जगप्रसिद्ध आहे. परंतु तेही चैत्रात गावच्या यात्रांसाठी पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात. अकरा महिने ज्याची हजेरी शहरात लागते, तो बाराव्या महिन्यात गावाच्या देवापुढे हजेरी लावतो. म्हणजे त्या पटांगणात दोन हजेऱ्या होत असत. एक फडाची, दुसरी आमची.

आता फडाकडे वळू. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांनी लावणी-पोवाड्याला रूप दिले. पुढे पठ्ठे बापूरावांनी (१८६६–१९४५) ब्राह्मण्य आणि कुलकर्ण्याचे घर मागे टाकून पवळाबाईंसह फड गाजवला. गण, गौळण, बतावणी, वग हा साचा सत्यशोधकांनी उचलला आणि त्यांचे जलसे गावोगाव समाजक्रांती सांगू लागले. त्यामागून आंबेडकरी जलसे आले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, आणि गिरणगावातील मैदानांत ढोलकी संपाची भाषा बोलू लागली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, परंतु संहिता सरकारकडून तपासून घेण्याची अट आली.

तात्पर्य, कामगार चळवळीने तमाशाकडून पुष्कळ घेतले. त्याची ढोलकी घेतली, त्याचा सवाल-जवाब घेतला. त्याला परत काय दिले, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःला विचारला नाही. मला तो ज्या दिवशी ऐकू आला, तो दिवस सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या चैत्रात गावची सगळी गिरणीतली माणसे घरीच होती. यात्रा भरली, पण वर्गणी पुरी जमली नाही. हजेरी संपल्यावर पंच हिशेबाला बसले. वडील त्यांच्यात होते, मी शेजारी. अकरा वर्षांचा होतो. वडील फडाच्या मालकिणीला म्हणाले, “बाई, गिरण्या बंद आहेत. सुपारीतले थोडे कमी घ्या.”

ती उतारवयाची बाई होती. रागावली नाही. म्हणाली, “दादा, मजुरी वाढावी म्हणून तुम्ही संपावर बसलाय. ते बराबरच हाय. पण आमची गिरणी काल रातभर चालली. मग आमची मजुरी का तोडता?”

कोणी बोलले नाही. ओट्यावरून आई वडिलांकडे पाहत होती. फडाला त्या दिवशी जमले तेवढे देऊन वाटेला लावले. कार्तिकात भात विकल्यावर उरलेले पैसे घेऊन वडील स्वतः एस.टी.ने नारायणगावला गेले. तोवर त्यांचा संप मोडत आला होता. त्या बाईचे देणे मात्र बुडवले नाही, एवढेच समाधान त्यांना मरेपर्यंत होते.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या दिवसांत फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला ती ऐकून मान खाली घालावीशी वाटते. मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूतीलाभाचा कायदा १९२९ साली झाला. विठाबाईंचा जन्म १९३५ चा. म्हणजे त्यांच्या जन्माआधीच हा हक्क कागदावर आला होता. फक्त त्या कागदावर फडातल्या बाईचे नाव नव्हते.

कोणी म्हणेल, फड आज या गावी, उद्या त्या गावी. त्यांचा मालक कोण धरायचा? हाच आक्षेप हमालांच्या बाबतीतही होता. तरीही महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मालक अनेक असले तरी मंडळ एक असावे, तेथे कामगाराची नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिधी साठावा, ही त्या कायद्याची रीत. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे जमले, ते पायात चाळ बांधणारीला का जमू नये? गावोगावच्या यात्रा समित्यांनी सुपारीबरोबर अशी थोडी रक्कम मंडळात भरली, तर देव रागावणार नाही.

पिरंगुटच्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांसाठी भांडताना मी एक गोष्ट शिकलो. ज्याची हजेरी नोंदली जात नाही, त्याचा अपघातही झाला नाही असे ठरते. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा हेच फडांच्या वाट्याला आले. दोन चैत्र कोरडे गेले. काम बुडाले हे सिद्ध करायला त्या माणसांपाशी हजेरीचे एक पानही नव्हते. गावापुढे मात्र ती पिढ्यान् पिढ्या हजर होती.

आज हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. संगणकाच्या कचेऱ्यांत दाराशी बोट टेकवले की हजेरी लागते, आणि चैत्री पौर्णिमेला त्याच गावातून म्हातोबाचे बगाड निघते. जुने आणि नवे असे शेजारी नांदते, याचा मला आनंद आहे. आपणही मुलाबाळांना घेऊन एखाद्या यात्रेच्या हजेरीला जरूर जावे. गाणे ऐकावे, दौलतजादा करावी. आणि निघताना पंचांना एवढेच विचारावे, की फडाचे पैसे पुरते दिले ना?