काचेच्या पेटीतला वारा

अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं की आमच्याकडे ‘बाळ काचेत ठेवलंय’ असं सांगतात. निपाणीत बाळंतीण अडली तर गाडी कोल्हापूरला नाहीतर बेळगावला निघते. मग घरच्यांचे प्रश्न सुरू होतात: वजन किती, दूध पितंय का, घरी कधी सोडणार. त्या काचेत आवाज किती आहे, असं विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पहिल्या पेट्यांना पंखाच नव्हता. 1880 साली पॅरिसच्या स्तेफान तार्निए या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून बाळांसाठी तशीच पेटी करवून घेतली. करणारे ओदिल मार्तां प्राणिसंग्रहालयातले होते. खाली गरम पाणी, वर बाळं, आणि तापलेली हवा आपली आपण वर चढायची. आपल्या बाजेखालच्या शेगडीचीच रीत म्हणा ना, फक्त धुराविना.

विसाव्या शतकात वीज आली, पारदर्शक भिंती आल्या, आणि पंखा आला. तो हवाच होता. नुसत्या चढत्या हवेनं पेटीचा एक कोपरा तापतो, दुसरा गार राहतो, आणि दीड किलोच्या जिवाला तेवढंही सोसत नाही. पण हा पंखा बसला बाळाच्या गादीखाली. बंद पेटीच्या कडक भिंती आवाज परत आत फेकतात. बाहेर उभ्या नर्सला ती बारीक घरघर वाटते. आतल्या बाळाला ती रात्रंदिवस.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 1974 सालीच या आवाजाकडे लक्ष वेधलं. 1997 साली तिनं लिहिलं की नवजात विभागात 45 डेसिबलच्या वरचा आवाज काळजीचा आहे. त्यानं कानाच्या आतल्या भागाला इजा होऊ शकते, बाळाच्या वाढीतही अडथळा येऊ शकतो. पेटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाला मात्र आतमध्ये 60 डेसिबल चालतात. पंधराचाच तर फरक, असं वाटेल. पण डेसिबलच्या हिशेबात 15 म्हणजे आवाजाची शक्ती तीसपट. बाळ तेच, आणि आकडे दोन! मला हे काही पटत नाही.

गंमत बघा, पंख्याचे फेरे निम्मे केले तर आवाज साधारण 15 डेसिबलच उतरतो. मग करा की निम्मे! पण वाराही निम्मा होतो. म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा, मोटरीखाली रबर घालायचं, वाऱ्याच्या वाटेतली आडवळणं काढायची. एवढं करूनही गाळणी धुळीनं चोंदली किंवा बेअरिंग झिजलं की सगळं पाण्यात. उद्यमबागेतला कुठलाही लेथवाला नुसता कान देऊन हे सांगेल.

आमच्या भागाला आवाजाची सवयच जडलीय. वडगाव-खासबागेत यंत्रमागांच्या खडखडाटात बायका पोरं वाढवतात. ‘पंख्याचा कसला आलाय आवाज’ असंच त्या म्हणतील. पण मागापासून उठून बाहेर तरी जाता येतं. आणि पंख्याहून मोठे आवाज आपणच करतो. पेटीची खिडकी धाडकन लावतो, वर औषधाची बाटली ठेवतो, कौतुकानं काचेवर टिचक्या मारतो.

बोगोटात 1978 साली पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आता आपल्याकडच्या दवाखान्यांतही आईला तसं बाळ घेऊन बसवतात. पण फार आजारी बाळाला पेटी लागतेच, आणि पेटीला पंखा.