न्यूटन (चित्रपट)
अमित मसुरकर दिग्दर्शित हिंदी राजकीय उपहासपट (2017). छत्तीसगडच्या माओवादग्रस्त जंगलात केवळ 76 मतदारांसाठी मतदान केंद्र उघडायला निघालेल्या सरकारी कारकुनाची ही गोष्ट. नूतनकुमारचा ‘न्यूटन’ झालेला हा नायक (राजकुमार राव) दलित असल्याचे कुठेही उच्चारले जात नाही. तपशिलांतून ते सुचवले जाते. हा अबोलपणाच चित्रपटाचे बळ आहे.

आदिवासींचे चित्रण मात्र अधिक गुंतागुंतीचे. गोंडी बोलणाऱ्या गावकऱ्यांना उमेदवार ठाऊक नसतात आणि मतदान यंत्र हे खेळणे वाटावे इतके परके असते. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मासिंह (पंकज त्रिपाठी) त्यांना विदेशी पत्रकारापुढे लोकशाहीचा देखावा म्हणून रांगेत उभे करतो. उपहासाचा रोख गावकऱ्यांवर नसून व्यवस्थेवर आहे. दुभाष्याचे काम करणारी स्थानिक शिक्षिका मलको ही या कथेतली सर्वांत जाणती व्यक्ती. निराशावादी आहेस का, या प्रश्नावर ती आपण आदिवासी असल्याचे सांगते. ही भूमिका नाशिकच्या अंजली पाटील यांनी केली. इतर गावकरी बहुतांशी समूह म्हणूनच दिसतात, ही उणीव राहतेच.

‘न्यूटन’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिकाही हाच चित्रपट होता.