वारणेचा तह आणि चाकरांचे कलम

13 एप्रिल 1731 रोजी सातारकर शाहू छत्रपती आणि कोल्हापूरकर संभाजीराजे यांच्यात ठरलेला वारणेचा तह अवघा नऊ कलमांचा आहे. मराठी राज्यातली चोवीस वर्षांची यादवी या कागदाने संपली, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. कागद हाती घेऊन वाचला की मात्र प्रश्न पडतो, नेमके काय संपले?

बहुतेक कलमे मुलखाची आहेत. वारणा-कृष्णेच्या संगमापासून, म्हणजे आजच्या सांगलीजवळच्या हरिपुरापासून, दक्षिण तीराचा तुंगभद्रेपर्यंतचा प्रदेश ठाणी-किल्ल्यांसह संभाजीराजांना. कोकणात साळशीपासून खाली अंकोल्यापर्यंतचा पट्टाही त्यांना. कोपळचा किल्ला त्यांनी घ्यावा, बदल्यात रत्नागिरी सोडावी. वडगावचे ठाणे पाडून टाकावे. मिरज, तासगाव, अथणी आणि विजापूर प्रांतातली ठाणी शाहूंच्या हवाली करावीत. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत पुढे जे मिळेल ते निम्मे-निम्मे. एकाच्या वैऱ्याचे पारिपत्य दुसऱ्याने करावे आणि दोघांनी मिळून राज्य वाढवावे, असेही एक कलम आहे. मजकुराची धाटणी पाहिली तर देणारे शाहू आहेत आणि घेणारे संभाजीराजे. दोन समान राजांचा करार असा दिसत नाही. थोरल्या घराने धाकट्याला वाटणी काढून दिल्याचा हा कागद आहे.

तो तसा असण्याचे कारण आदल्या वर्षीच्या लढाईत आहे. 1730 मध्ये श्रीपतराव प्रतिनिधींनी वारणाकाठी संभाजीराजांचा तळ उधळला. राजाराम छत्रपतींच्या राणी ताराबाई, त्यांच्या सवत आणि संभाजीराजांच्या मातोश्री राजसबाई, तसेच संभाजीराजांच्या राणी जिजाबाई सातारकरांच्या हाती सापडल्या. शाहूंनी राजसबाई व जिजाबाईंना सन्मानाने परत पाठवले. ताराबाईंनी मात्र साताऱ्यातच राहणे पसंत केले. ज्या पन्हाळ्यावर 1714 पासून राजसबाईंच्या पक्षाने त्यांना मुलासह कैदेत ठेवले होते, तिकडे परत जाण्यापेक्षा ज्याच्याशी सात वर्षे झुंज दिली त्या पुतण्याचा पहारा त्यांना बरा वाटला. यादवीने घराण्यातली माणसे एकमेकांपासून किती तोडली होती, याचा याहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही. पुढे फेब्रुवारी 1731 मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे चुलतभाऊ भेटले आणि तहाची वाट मोकळी झाली.

नऊ कलमांपैकी एका कलमापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. तुमचे चाकर आम्ही ठेवू नयेत, आमचे तुम्ही ठेवू नयेत, एवढाच त्याचा आशय. नदीची हद्द घालणाऱ्या कलमांपुढे ते किरकोळ दिसते. पण ही यादवी मुळात चाकरांनीच लढवलेली होती.

मे 1707 मध्ये आझमशहाने शाहूंना मोगल कैदेतून सोडले, तेव्हा त्यांच्याजवळ ना फौज होती ना किल्ला. 12 ऑक्टोबरला भीमेकाठी खेड येथे ताराबाईंची सेना समोर आली, ती सेनापती धनाजी जाधवांच्या हाताखाली. धनाजी लढले नाहीत, शाहूंना मिळाले, आणि निकाल तिथेच लागला. 12 जानेवारी 1708 रोजी शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. धनाजींचे मन खंडो बल्लाळांनी वळवले, असे मल्हार रामराव चिटणीसांची बखर सांगते. ती बखर प्रसंगानंतर शंभर वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणारा खंडो बल्लाळांच्याच वंशातला. श्रेय आपल्या घराकडे ओढण्याचा मोह अशा लेखकाला होणार, हे धरूनच ती वाचायला हवी. सेनापती फिरला म्हणून राज्य फिरले, एवढे मात्र कोणत्याही साधनातून तसेच निघते.

दिल्लीलाही याची जाण होती. 1709 मध्ये दोन्ही पक्षांचे वकील बादशहा बहादूरशहापुढे दख्खनच्या सरदेशमुखीची मागणी घेऊन उभे राहिले. झुल्फिकारखान शाहूंच्या बाजूने, मुनीमखान ताराबाईंच्या. बादशहाने एकालाही निर्णायक सनद दिली नाही. मोगल इतिहासकार खाफीखानाने हे लिहून ठेवले आहे. राजा ठरत नाही तोवर हक्क मिळत नाही, आणि हक्क नाहीत तोवर सरदारांना द्यायला काही नाही, अशा पेचात दोन्ही दरबार अडकले. मग दोघांनीही सनदा वाटायला सुरुवात केली. एकाच देशमुखीवर सातारा एकाला हक्क देई, ताराबाईंचा पन्हाळा दुसऱ्याला. 1713 मध्ये कान्होजी आंग्रे पन्हाळ्याच्या बाजूने घाटावर चढून आले आणि त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. शाहूंनी 17 नोव्हेंबर 1713 रोजी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले. बाळाजीपंतांनी कान्होजींना तलवारीने नव्हे, बोलणी करून वळवले. सरखेलीचे पद आणि किनाऱ्यावरचे बहुतेक किल्ले कान्होजींकडेच राहिले. निष्ठा साताऱ्याची, अंमल आंग्र्यांचा.

माझ्या मते यादवीचा खरा निवाडा इथे सुरू झाला आणि 1719 मध्ये कागदावर पक्का झाला. त्या वर्षी मार्चमध्ये बाळाजीपंतांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा मिळवल्या. शाहूंच्या मातोश्री येसूबाई त्याच वर्षी परत आल्या. बादशहाने दख्खनच्या सहा सुभ्यांचा हक्क साताऱ्याला दिला, म्हणजे राजा कोण हे दिल्लीपुरते तरी ठरले. पण त्या उत्पन्नाची वाटणी पाहा. चौथाईचे शंभर धरले तर पंचवीस ‘बाबती’ म्हणून राजाचे. सहा ‘सहोत्रा’ पंत सचिवांचा, तीन ‘नाडगौडा’ राजाने मर्जीप्रमाणे द्यायचा. उरलेले सहासष्ट मोकाशाचे, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. सरदेशमुखी राजाचे वतन म्हणून वेगळी होती, तरी मोठा घास सरदारांच्याच पानात पडला. न्यायमूर्ती रानड्यांना या रचनेत मराठी मंडळाला एकत्र बांधणारा धागा दिसला. ग्रँट डफला गुंतागुंतीच्या हिशेबातून वाढणारे कारकुनी वर्चस्व दिसले. मला तिच्यात आधी यादवीची किंमत दिसते. जे सरदार उद्या पन्हाळ्याला जाऊ शकत होते, ते साताऱ्यात का राहिले याचे उत्तर त्या सहासष्टांत आहे. शिवछत्रपतींनी रोख पगारावर आणलेली फौज इथून पुढे मुलखाच्या उत्पन्नावर उभी राहिली. हे राजारामांच्या काळातच सुरू झाले होते. यादवीने त्यातून परतण्याची वाट बंद केली.

हे धोके पन्हाळ्याच्या बाजूलाही कोणी ओळखले नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ याच काळात, याच पक्षातून लिहिले गेले. वतनदार मुळातच राज्याचे वाटेकरी असतात, त्यांना आवरून धरावे, अशी शिकवण त्यात आहे. ज्यांनी ती लिहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर राज्याचे तुकडे पडत होते.

निजामाने 1727 मध्ये पुन्हा संभाजीराजांचा दावा पुढे केला: खरा राजा कोण ते ठरू द्या, मग चौथाई देतो. पेशवा बाजीरावाने त्याला पालखेडला कोंडला आणि 6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. पुढचा घाव आतला होता. 1 एप्रिल 1731 रोजी डभईला पेशवा आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांशी लढले. दोघेही शाहूंचेच चाकर. त्र्यंबकराव मारले गेले. शाहूंनी सेनापतीपद दाभाडे घराण्यातच ठेवले, पण गुजरातेत पुढे गायकवाडांचे वजन वाढत गेले. वारणेचा तह या लढाईनंतर बारा दिवसांनी झाला आहे. सातारा आणि कोल्हापूर एकमेकांचे चाकर फोडणार नाहीत असे लिहून देत होते, तेव्हा साताऱ्याचे चाकर आपापसांत राज्याचे निकाल लावू लागले होते. त्यासाठी तहात कलम नव्हते, आणि असते तरी ते पाळायला लावणारा हात राजाजवळ उरला नव्हता.

हद्द मात्र टिकली. दोन्ही राजांनी नंतर एकमेकांवर मोहीम काढली नाही. मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे निर्धास्तपणे जाऊ शकल्या, त्यामागे पालखेडइतकेच या तहाचेही श्रेय आहे, आणि ते सहसा दिले जात नाही.

अठरा वर्षांनी शाहू मरणपंथाला लागले. त्यांच्या हातच्या दोन याद्या उपलब्ध आहेत. राज्याचा कारभार पेशवा बाळाजी बाजीरावाने चालवावा, वंश पुढे चालवावा आणि कोल्हापूरकरांना आणू नये, असा त्यांचा आशय. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर आले. 25 सप्टेंबर 1750 च्या सांगोल्याच्या करारात त्यांनी कारभाराचा अधिकार पेशव्याच्या हाती दिला. पुढे सत्ता पुण्यात राहिली, तरी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच आणवली जात. डिसेंबर 1796 मध्ये दुसऱ्या बाजीरावासाठीही ती तिथूनच आली.