दहा जणांचा नायक

गणपती हा गणांचा नायक. पायदळातला ‘नाईक’ही तसाच, साधारण दहा जवानांच्या सेक्शनचा पुढारी. सेनापतींचा इतिहास आपण वाचतो, नाईकांचा क्वचितच.

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीतले नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या सेक्शनमधील बाकी सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून तीच गन उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवले. तिथेच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९११ पर्यंत हिंदी शिपायांना तो खुलाही नव्हता.

आपली बस्सी ज्या राजस्थानात आहे, तिथेही हीच परंपरा. झुंझुनू जिल्ह्याचे कंपनी हवालदार मेजर पीरूसिंह शेखावत १८ जुलै १९४८ रोजी तिथवालच्या लढाईत आघाडीच्या सेक्शनबरोबर होते. निम्म्याहून अधिक सोबती पडले, तरी ते पुढेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

दोघांनीही मागे राहून हुकूम सोडला नाही. पदकावर नाव एकाचेच कोरले जाते. आरतीच्या वेळी त्यांच्याबरोबर पडलेल्या अनाम सोबत्यांचेही स्मरण करूया.