कासवाची पाठ

धाकट्याने गिटारीसाठी ‘पिक’ मागितली, तेव्हा मला शेतातले पीकच आठवले! तारा छेडायची ही चिमुकली टिकली. पूर्वी ती हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या कवचाची करीत. नाद स्वच्छ निघे. जीव कासवाचा जाई. १९२२ साली न्यूयॉर्कात लुईजी डी’अँड्रियाने सेल्युलॉइडच्या टिकल्या कापून विकायला काढल्या. कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली ती १९७३ च्या करारानंतर.

आम्ही नायलॉनच्या दोन घेतल्या. अर्ध्या मिलिमीटरची लवते, साथीला बरी. दीड मिलिमीटरची ताठ, एकेक सूर ठळक काढते.

आजीच्या फणेरपेटीत कवचाची फणी आहे. धाकटा म्हणाला, “बाबा, हिच्यातून एक कापू या?”

मी पेटी मिटली.