भुजिस्स कोण? : वेठबिगारीविरोधी कायदे आणि पालि साहित्यातील दास्यविचार

भिक्षुसंघात उपसंपदा देण्यापूर्वी उमेदवारास काही अंतरायिक प्रश्न विचारण्याची पद्धती विनयपिटकाच्या महावग्गात सांगितली आहे. रोगांविषयीची चौकशी संपल्यावर थोड्याच अंतराने तीन प्रश्न लागोपाठ येतात. उमेदवार भुजिस्स, म्हणजे कोणाचाही दास नसलेला, आहे काय. तो अनण, म्हणजे ऋणमुक्त, आहे काय. आणि तो राजभट, म्हणजे राजाच्या चाकरीत, तर नाही ना? विनयाच्या अभ्यासकाला हा क्रम परिचित असतो. परंतु त्याचा सामाजिक आशय सहसा ध्यानात घेतला जात नाही. मनुष्य ज्या तीन ठिकाणी बांधला जाऊ शकतो ती तिन्ही ठिकाणे येथे एका ओळीत आली आहेत : धनी, सावकार आणि राज्य. आपल्या देशातील सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास पाहू लागलो असता आम्हांस असे आढळते की, या कायद्यांनीही हीच तीन बंधने एकेक करून तोडली. मात्र त्यासाठी १८४३ पासून १९७६ पर्यंतचा दीर्घ काळ जावा लागला, आणि सर्वांत शेवटी हात घातला गेला तो ऋणाच्या बंधनास. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरील प्रश्नांवरून संघाने दास्यप्रथा नष्ट केली असा निष्कर्ष काही उत्साही लेखक काढतात. तो ग्रंथांस धरून नाही. दासास व ऋणकोस प्रव्रज्या देऊ नये असाच तो नियम आहे. राजा बिंबिसाराने प्रव्रजितांना अभय दिल्यानंतर सैनिक, ऋणको व दास संघात आश्रय घेऊ लागले, लोकांत कुरबूर झाली आणि नियम घालावे लागले, अशी त्यामागची कथा आहे. संघाने येथे राज्याच्या व्यवहाराशी संघर्ष टाळला, हे निःसंकोचपणे मान्य करावे. तथागतांच्या धम्माचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी इतिहासास पदरचे देण्याची गरज नाही. ग्रंथांत जे खरोखर आहे तेच पुरेसे मोलाचे आहे.

धन्याचे बंधन

पालि साहित्यात दासांचे प्रकार नोंदलेले आहेत : घरातच दासीच्या पोटी जन्मलेला अन्तोजात, पैसे देऊन घेतलेला धनक्कीत आणि युद्धात धरून आणलेला करमरानीत. हे वर्गीकरण जिवंत समाजव्यवहारातून आलेले आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले आहे त्यांत शस्त्रांच्या व्यापारानंतर लगेच सत्तवणिज्जा येते. सत्त म्हणजे प्राणी; परंतु अट्ठकथेने या शब्दाचा अर्थ मनुष्यविक्रय असाच केला आहे. ज्यास आज संविधान माणसांचा अपव्यापार म्हणते, तो उपासकाच्या आजीविकेतून याप्रमाणे बाद झाला होता. ब्रह्मजालसुत्तात श्रमण गोतम दास-दासींचा स्वीकार करीत नाहीत असेही म्हटले आहे. सिगालोवादसुत्तात धन्याची पाच कर्तव्ये आहेत, आणि त्यांतील पहिले शक्ती पाहून काम सोपविण्याचे, दुसरे अन्न व वेतन देण्याचे आहे. आजारपणातील शुश्रूषा आणि योग्य वेळी सुटी यांचाही त्यांत समावेश आहे.

सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात दास व भृतक यांच्याशी योग्य वर्तन करणे हे धर्ममंगलाचे अंग मानले. या लेखाचा एक खंड १९५६ मध्ये नालासोपाऱ्याजवळ मिळाला, म्हणजे ही शिकवण अपरान्तातही दगडावर कोरली गेली होती. परंतु सिगालोवादसुत्त असो वा अशोकाचा लेख असो, उपदेश होतो तो धन्यास. धन्याने तो न ऐकल्यास दासाने कोणाकडे जावे, याचे उत्तर तेथे नाही. नीती आणि कायदा यांतील भेद तो हाच. कायदा श्रमिकाच्या हाती दावा देतो. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने दास्यावर आधारलेला मालकी हक्क न्यायालयात चालणार नाही असे ठरले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची दास म्हणून खरेदी-विक्री करणे हा गुन्हा ठरविला. कागदावर तरी पहिले बंधन तुटले.

राज्याचे बंधन

मराठीतील वेठ हा शब्द संस्कृत विष्टि या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे, आणि बिगार हा फारसी. दोन भाषांतील दोन शब्द जोडून आपण एकच दुःख सांगतो. विष्टि ही राजाने प्रजेकडून घ्यावयाची सक्तीची मेहनत. इ. स. १५० च्या गिरनार येथील लेखात महाक्षत्रप रुद्रदामन अभिमानाने सांगतो की, सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने कर व विष्टि यांनी प्रजेस न पीडता स्वतःच्या कोषातून बांधविला. न पीडल्याचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो, यावरूनच पीडण्याची रीत किती रूढ होती हे कळते. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत, उदाहरणार्थ द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात, दान दिलेल्या गावास सर्व विष्टींपासून सूट दिलेली आहे. ही सूट राजाच्या मागणीपासून होती. गावच्या कष्टकऱ्यास तिचा काही लाभ झाला किंवा कसे, हे ताम्रपट सांगत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी जी वेठ केली ती याच वंशातील. मुंबई सरकारने १८७४ मध्ये वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि महारवतनास आधुनिक कायद्याचा आधार मिळाला. वतनदाराने सरकारी कामासाठी अहोरात्र हजर राहावे आणि मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन व रयतेच्या मर्जीवरचे बलुते घ्यावे, असा हा व्यवहार होता. जमिनीचा तुकडा सोडवत नाही आणि तो आहे तोवर चाकरी सुटत नाही, अशी ही गाठ होती. दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमाने बेकायदेशीर सक्तीच्या श्रमास शिक्षा सांगितली होती. परंतु येथे सक्तीच कायदेशीर होती. तेव्हा ते कलम महाराच्या काय उपयोगाचे?

छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महारवतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्यांना वतनाची चाकरी नको असेल त्यांना तीतून मोकळे होता यावे, कामे कोणती ती निश्चित व्हावीत आणि मोबदल्याची शाश्वती असावी, हे त्याचे मर्म होते. विधेयकाचा मूळ हेतू टिकत नाही असे पाहून १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले आणि १९३७ मध्ये हा प्रश्न पुन्हा विधिमंडळापुढे आणला. मुंबई राज्याचा कनिष्ठ गाव-वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ चा, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरचा आहे. लोकांनी मनाने जे झुगारले होते ते कायद्याने मागाहून नष्ट केले.

दरम्यान संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली. या कलमाच्या दुसऱ्या खंडाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्यास सक्तीची सेवा लादता येईल. परंतु ती लादताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. महारवतनाचा अनुभव ज्याच्या पाठीशी आहे त्यास या एका अटीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

ऋणाचे बंधन

ऋणाचे बंधन तोडणे सर्वांत कठीण गेले, कारण ते कराराचा वेष घेऊन येते. माणसाने उचल घेतली, अंगठा उठविला, आता काम केलेच पाहिजे, हे म्हणणे वरकरणी न्याय्य वाटते. १८५९ चा करारभंगाचा कायदा तर उघडपणे धन्याच्या बाजूने होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुरास दंडाधिकारी कामावर परत धाडीत आणि न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकू शकत. हा कायदा १९२६ पर्यंत चालला. त्याच सुमारास प्रांतिक कायदे सुरू झाले. बिहार-ओरिसाचा १९२० चा कमियौती करारांचा कायदा, मद्रास प्रांतातील एजन्सी भागाचा १९४० चा नियम, मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबादचा १९४३ चा भागेला करारांविषयीचा नियम, ओरिसाचा १९४८ चा नियम आणि राजस्थानचा १९६१ चा सागडी कायदा ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. त्यांपैकी बिहारच्या कायद्याने प्रथा बंद केली नाही. करार लेखी हवा, मुदत एका वर्षाहून अधिक नको, अशा मर्यादा घातल्या. अक्षरशत्रू मजुराच्या बाबतीत लेखी कराराची अट कोणाच्या सोयीची, हे सांगणे नलगे.

१९७५ चा अध्यादेश व त्यानंतरचा १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा यांनी प्रथमच करार बाजूला सारून माणसाची स्थिती पाहिली. उचलीच्या बदल्यात अन्यत्र काम करण्याचे, देशभर मुक्तपणे फिरण्याचे किंवा आपला माल बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावले असेल तर ती वेठबिगारी, अशी व्याख्या झाली. असे ऋण नष्ट झाले. ते वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आली. तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड, आणि जिल्ह्यात दक्षता समिती, अशी तरतूद झाली.

ही व्याख्या वाचताना आम्हांस सामञ्ञफलसुत्ताचे स्मरण होते. तेथे नीवरणांपासून मुक्त झालेल्या भिक्षूच्या आनंदास पाच उपमा आहेत. त्यांत ऋणमुक्ती आहे आणि दास्यमुक्तीही आहे. दास हा पराधीन, मनास येईल तेथे जाऊ न शकणारा. भुजिस्स हा स्वाधीन, इच्छेप्रमाणे जाणारा. स्वातंत्र्याची ही कसोटी जाण्याच्या मोकळिकीची आहे. कूटदन्तसुत्तात राजा महाविजिताच्या यज्ञात दास, नोकर व कामकरी दंडाच्या भीतीने, रडतरखडत काम करीत नव्हते. ज्यांना इच्छा होती त्यांनी केले, ज्यांना नव्हती त्यांनी केले नाही, असे वर्णन आहे. काम नाकारण्याची मुभा हीच तेथे आदर्श राज्याची खूण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हे सक्तीचेच होय असे ठरविले. माणूस उपाशी असेल तर त्याचा होकार हा भुकेचा होकार असतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. १९८३ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने हीच दिशा पुढे नेली. दंडसंहितेचे ३७४ वे कलम आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४६ व्या कलमात आले आहे. कायद्याची वाण आता राहिलेली नाही.

तरीही दसऱ्याच्या सुमारास मराठवाड्यातून उसाच्या फडांकडे निघणाऱ्या टोळ्या आपण पाहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगाम संपल्यावर अंगावर राहिलेली बाकी. प्रत्येक उचल ही वेठ नव्हे, हे खरे. पण बाकी फिटेपर्यंत फड सोडता येत नसेल, तर तेथे १९७६ चा कायदा लागू होतो, आणि हे त्या मजुरास ठाऊक असणे अगत्याचे आहे. संघाच्या दारात विचारला जाणारा प्रश्न उपासकांनी आता फडावर, वीटभट्टीवर आणि खाणीवर जाऊन विचारावा : येथून निघून जायचे म्हटले तर जाता येते काय? उत्तर नकारार्थी आले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज लिहून देणे हेही धम्मकार्यच होय, असे आम्ही मानतो. जुन्या काळी संघास भुजिस्स नसलेल्यास दारातून परत पाठवावे लागले. आज आपणांस तसे करावे लागत नाही, कारण त्यास भुजिस्स करण्याचे साधन आपल्या हाती आले आहे.